गडगडणारे दगड, कुरकुरणारे गुडघे

ज्या बँडच्या कार्यक्रमाचे तिकीट काढल्याचे सांगताच समोरचा माणूस ‘कुठे’ किंवा ‘कितीला’ असे न विचारता ‘म्हणजे ते अजून आहेत?’ असे विचारतो, त्याला ज्येष्ठ रॉक बँड म्हणतात. वयाची नेमकी अट कुठे लिहून ठेवलेली नाही. तरी निदान एका सभासदाचे हृदयाचे आणि एकाचे डोक्याचे ऑपरेशन झालेले असावे, मूळ मंडळींपैकी काही भांडून तर काही कायमची गेलेली असावीत आणि ‘हा त्यांचा शेवटचा दौरा’ ही बातमी एकाच घरातल्या दोन पिढ्यांनी वाचलेली असावी, एवढे धरून चालायला हरकत नाही. या कसोट्यांवर डिस्टिंक्शनमध्ये पास होणारे उदाहरण म्हणजे लंडनचे रोलिंग स्टोन्स. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्यांनी या नावाने पहिला कार्यक्रम केला. त्या वेळी महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा मिक जॅगर ८० वर्षांचा, कीथ रिचर्ड्स ८० वर्षांचा आणि बँडमधले शेंडेफळ रॉनी वुड ७६ वर्षांचा होता. तिघांची बेरीज २३६. (ऐंशीच्या माणसाला अरेतुरे करणे मराठी संस्कारात बसत नाही, पण ‘जॅगरसाहेब’ म्हटले की तो बँकेचा झोनल मॅनेजर वाटू लागतो. म्हणून येथे एकेरीच.)

त्या दौऱ्याचे प्रायोजकत्व ‘एएआरपी’ या अमेरिकी संस्थेकडे होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांसाठी ही संस्था काम करते; निवृत्ती, आरोग्य विमा, औषधांच्या किमती हे तिचे जिव्हाळ्याचे विषय. बंडखोर तरुणाईच्या संगीताला ज्येष्ठांच्या संघटनेने हात द्यावा हे कोणाला विसंगत वाटेल. स्टेडियममधल्या प्रेक्षकांवरून एकदा नजर फिरवली की मुळीच वाटत नाही.

अशा बँडचा चाहता गाण्यांचा जाणकार असतो हा गैरसमज आहे. तो मुख्यतः प्रकृतीचा जाणकार असतो. १९९८ मध्ये कीथ रिचर्ड्स घरच्या ग्रंथालयातल्या शिडीवरून पडला, त्याच्या बरगड्या मोडल्या आणि युरोपचा दौरा पुढे ढकलावा लागला. पुस्तक काढायला गेल्यामुळे रॉकचा कार्यक्रम बुडाल्याची ही दुर्मीळ घटना असावी, आणि वाचनाची आवड हानिकारक असते असे मानणाऱ्या वर्गाला तिचा अजून उपयोग होतो. २००६ मध्ये हाच गृहस्थ फिजी बेटावर झाडावरून पडला. वय बासष्ट. त्या वयात आपल्याकडे माणूस झाडाखालीसुद्धा वर बघून बसतो. न्यूझीलंडला त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांत तो पुन्हा गिटार घेऊन उभा राहिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये जॅगरची हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली आणि जूनमध्ये तो शिकागोच्या मैदानात नाचत होता. या तारखा चाहत्याला तोंडपाठ असतात. घरच्यांचे वाढदिवस त्याला फोन आठवण करून देतो.

वयाची थट्टा जुनीच आहे. १९८९ मध्ये बँडने ‘स्टील व्हील्स’ नावाचा दौरा काढला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे ‘स्टील व्हीलचेअर्स’ असे बारसे केले होते. तेव्हा जॅगर ४६ चा होता. पंचेचाळिशीला आपण ‘सॅटिस्फॅक्शन’ गात असू तर त्यापेक्षा मेलेले बरे, अशा अर्थाचे विधान त्याने १९७५ च्या सुमारास केले होते असे सांगतात. ते गाणे तो ऐंशी वर्षांचा झाल्यावरही गात होता. आपल्या रसिकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका केल्या आणि समोरच्यांना त्यांच्यात भामिनीच दिसली. रसिकाचा डोळा सोयीस्करपणे अधू असतो.

प्रस्तुत लेखक हा चाहत्यांच्या या वर्गाचा सरासरी नमुना असल्यामुळे पुढील विवेचनात त्याचा वापर केला आहे, जसा शाळेच्या प्रयोगशाळेत बेडकाचा करीत. हा गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेला असून त्याने स्टोन्सना दोनदा पाहिले: ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आणि २६ मे २०२४ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या फुटबॉल स्टेडियमवर. पहिल्या वेळी तो जॅगरपेक्षा तरुण दिसत होता. दुसऱ्या वेळी हा मुद्दा वादग्रस्त ठरला.

कार्यक्रमाची तयारी पोशाखापासून सुरू होते. लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ हे स्टोन्सचे बोधचिन्ह छापलेला काळा टी-शर्ट हा चाहत्याचा सोवळ्याचा मुकटा होय. ब्रेबॉर्नच्या दिवशी प्रस्तुत लेखक तो घालून घराबाहेर पडत असता त्याच्या आईने माळ ओढता ओढता विचारले,

“ही कालीमाता का रे?”

“आई, हा इंग्लंडचा बँड आहे.”

“असेल. पण जीभ देवीची आहे.”

चाहता हसला आणि निघाला. पुढे काही वर्षांनी त्याच्या वाचनात आले की, १९७० मध्ये जॉन पॅश या लंडनच्या तरुण चित्रकाराकडे बोधचिन्हाचे काम आले तेव्हा जॅगरने त्याला नमुना म्हणून कालीमातेचेच चित्र दाखवले होते. पॅशला त्या कामाचे ५० पौंड मिळाले. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतले. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये पंचवीस वर्षे कॅसेटी चाळून चाहत्याला जे कळले नव्हते, ते आईने एका नजरेत ओळखले होते. तोच टी-शर्ट २०२४ साली पुन्हा अंगात चढवला तेव्हा देवीची जीभ आडवी ताणली जाऊन ती काहीशी वेगळ्याच विचारात असल्यासारखी दिसू लागली.

ब्रेबॉर्नचा कार्यक्रम सोमवारी होता. तेव्हा हा बँड भारतात पहिल्यांदाच आला होता. चार तारखेला बंगलोर आणि सातला मुंबई. पूर्वेकडे सार्सची साथ पसरल्यामुळे चीन-हाँगकाँगकडचे कार्यक्रम रद्द झाले होते. मुंबईला त्या वेळी वेगळाच आजार होता. जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना हरून जेमतेम पंधरवडा उलटला होता आणि शहर अजून सुतकात होते. त्यातून कार्यक्रम क्रिकेटच्या मैदानावर. प्रस्तुत लेखकाच्या शेजारच्या खुर्चीवर गिरगावातले एक गृहस्थ बसले होते. त्यांना कोणीतरी फुकट पास दिला होता, आणि इतक्या वर्षांनी ब्रेबॉर्नमध्ये आत जायला मिळते म्हणून ते आले होते. गाणी त्यांना ठाऊक नव्हती. मैदान होते.

“इथे त्र्याहत्तरनंतर टेस्ट झाली नाही,” त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. ही माहिती तेव्हा खरी होती; पुढची कसोटी तिथे २००९ मध्ये झाली. पहिले गाणे सुरू झाले. वीस हजारांच्या आसपास माणसे किंचाळू लागली. जॅगर धावत एका कोपऱ्यात गेला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आता तो डीप मिडविकेटला आहे.”

पुढचे दोन तास प्रस्तुत लेखकाने रॉकच्या इतिहासातला एक थोर कार्यक्रम क्षेत्ररचनेच्या अंगाने ऐकला. कीथ रिचर्ड्स फर्स्ट स्लिपमध्ये उभा होता आणि, गृहस्थांच्या मते, त्याचे लक्ष नव्हते. ड्रमवर बसलेला चार्ली वॉट्स मात्र त्यांना पसंत पडला. “हा खरा अंपायर. तोंडावरची माशी हलत नाही.” हे निरीक्षण बिनचूक होते. जॅझवर जीव असलेल्या या वादकाने अख्खे आयुष्य रॉकच्या दौऱ्यांत काढले आणि १९६७ पासून ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या पलंगाचे चित्र वहीत काढून ठेवले. एवढ्या गोंगाटात कोणाला पलंगाची ओढ लागावी हे पन्नाशीनंतर समजते. वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला. ब्रेबॉर्नच्या आठवणींत आता सर्वांत ठळक तोच उरला आहे, कारण तो एकटाच जागचा हलला नव्हता आणि लांबून त्याच्यावर नजर ठेवता येत होती.

शेवटी जॅगर घामाने निथळत मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला तेव्हा गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचा आवाज दाटून आला होता. “एकोणसाठ वर्षांचा आहे म्हणता? जोहान्सबर्गला आपल्याकडे असा एक पळणारा असता तर...” जॅगर स्वतः पट्टीचा क्रिकेटवेडा आहे हे त्यांना सांगायचे राहून गेले. त्याने कदाचित मान डोलावली असती.

या कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या आजही वाढत आहे. ब्रेबॉर्नमध्ये आपण त्या रात्री होतो असे सांगणारी जितकी माणसे प्रस्तुत लेखकाला आजवर भेटली, तितकी नुसती ठाणे-डोंबिवलीकडची बसवायची म्हटली तरी मैदानाच्या भिंती चर्चगेट स्टेशनापर्यंत सरकवाव्या लागतील. त्यांपैकी निम्म्यांना बँडने त्या रात्री बीटल्सचे कोणते गाणे म्हटले तेही आठवते.

दुसऱ्या अनुभवाची पार्श्वभूमी अशी. लेखकाची मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. बाबांना जुने वेड आहे हे जाणून जावयाने तिकिटे काढली आणि त्यांची किंमत सांगितली नाही. सासऱ्याने मनातल्या मनात डॉलरचे रुपये करू नयेत म्हणून घेतलेली ही खबरदारी व्यर्थ गेली. सासरा बँकेतला होता. त्याने ती किंमत रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर पाहिली, गुणाकार केला आणि नंतरच्या प्रत्येक गाण्याला सरासरी किती खर्च पडला याचा हिशेब ठेवला.

अमेरिकेतल्या अशा स्टेडियममध्ये सामान न्यायचे तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून न्यावे लागते. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम योग्य आहे. तरुणांच्या पिशव्यांत फोनचा चार्जर, गॉगल, लिपस्टिक अशा वस्तू दिसतात. ज्येष्ठ बँडच्या कार्यक्रमाची रांग मात्र औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटासारखी दिसते. लेखकाच्या पत्नीच्या हातातल्या पिशवीत रक्तदाबाची पट्टी, पित्ताची पट्टी, गुडघ्यांना लावायचे मलम, चष्म्याचे घर, रुमालात बांधलेली सुंठेची वडी आणि कापसाचे दोन बोळे होते. पुढच्या उंचपुऱ्या अमेरिकन आजोबांच्या पिशवीत श्रवणयंत्राच्या सेलचे पाकीट होते. दोघांनी एकमेकांच्या पिशव्या न्याहाळल्या. रक्तदाबाची गोळी एकाच जातीची निघाली, फक्त कंपनी वेगळी. आजोबांनी दंडावर गोंदलेली जीभ दाखवली. ती १९७२ सालची होती आणि दंडाबरोबर सैल पडली होती. भाषेची अडचण आली नाही. गुडघ्यावर हात ठेवून चेहरा वेडावाकडा केला की जगात कुठेही समजते.

जागा मिळाली ती वरच्या मजल्यावर. तिथून मंच काडेपेटीएवढा दिसतो आणि जॅगर तिच्यातल्या काडीएवढा. वळवळणारी काडी तो, हे ओळखावे. खरे दर्शन दोन्ही बाजूंच्या प्रचंड पडद्यांवर होते. म्हणजे माणूस तेरा हजार किलोमीटर प्रवास करून टीव्ही बघतो. शिवाय तो फोन वर धरून त्या पडद्याचे चित्रण करतो, आणि चित्रण नीट येते आहे ना हे पाहण्यासाठी फोनच्या पडद्याकडे बघतो. जॅगर आणि चाहता यांच्यात अशा रीतीने दोन पडदे आणि एक चष्मा येतो.

‘स्टार्ट मी अप’ने सुरुवात झाली आणि सारे स्टेडियम उभे राहिले. इथे रॉकच्या कार्यक्रमातला मूलभूत प्रश्न उद्भवतो: बसायचे कधी? पहिल्या रांगेतला एक माणूस उभा राहिला की त्याच्या मागचा राहतो, आणि ही लाट वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत जे संधिवाताचे रुग्ण असतात तेही उभे झालेले असतात. कोणालाच उभे राहायचे नसते. सगळे समोरचा कधी बसतो याची वाट पाहत असतात. तिसऱ्या गाण्याला लेखकाने समोरच्याच्या खांद्याला हळूच स्पर्श केला.

“आपण बसलात तर मागे सगळ्यांनाच बसता येईल.”

समोरचा वळला. सत्तरीचा असावा. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. “मीसुद्धा पुढच्याला हेच सांगून आलो,” तो म्हणाला.

दहाव्या गाण्याच्या आसपास मुक्ती येते. जॅगर सगळ्या वादकांची ओळख करून देतो आणि विश्रांतीला आत जातो. मग कीथ रिचर्ड्स दोन-तीन गाणी स्वतः म्हणतो. ही परंपरा अनेक वर्षांची असून जाणकार चाहत्यांच्या मते तो कार्यक्रमाचा सर्वांत अस्सल, सर्वांत हळवा भाग असतो. याच जाणकारांची रांग त्या वेळी स्वच्छतागृहाबाहेर लागलेली असते. जगात इतरत्र बायकांची रांग लांब असते. येथे पुरुषांची होती, आणि ती पुढे सरकण्याचा वेग पाहता प्रोस्टेट या ग्रंथीविषयी वेगळे विवेचन करण्याची गरज नाही. रांगेतली चर्चा मात्र उच्च दर्जाची होती. “हा भाग मी कधी चुकवत नाही,” एकजण सांगत होता. आतून गिटार ऐकू आली की तो डोळे मिटून मान हलवी आणि एक पाऊल पुढे सरके.

नवीन गाण्याचेही असेच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा संग्रह आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा संग्रह अठरा वर्षांनी. बँड अजून नवे काही करतो याचा चाहत्याला अतिशय अभिमान असतो. ते मंचावर करू नये एवढीच त्याची अपेक्षा असते. नवीन गाण्याची घोषणा होताच स्टेडियमच्या जिन्यांवर जी वर्दळ होते ती आग लागल्यावरही होणार नाही. दौऱ्यापूर्वी हेच लोक ‘नेहमीचीच गाणी किती दिवस?’ असे चिडून विचारत असतात. मागची दुर्मीळ गाणी वाजवावीत अशीही मागणी असते. दुर्मीळ गाणे वाजले की ते दुर्मीळ का राहिले हे तीन मिनिटांत कळते.

लेखकाच्या पत्नीला यातले एकही गाणे आधी माहीत नव्हते. त्यामुळे तिने संपूर्ण कार्यक्रम पाहिला. तिची मते खालीलप्रमाणे होती. एक, हा मनुष्य सकाळी काय खातो ते विचारायला हवे. (जॅगरचे वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते असे सांगताच ती म्हणाली, “दिसतंच आहे. पीटीच्या सरांचा मुलगा.”) दोन, तो केसांची पट्टी बांधलेला कीथ आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यासारखा दिसतो आणि त्याच्यासारखाच काम अर्धवट टाकून हसतो. तीन, ‘गिमी शेल्टर’ या गाण्यात पुढे आलेली ती पार्श्वगायिका सगळ्यांना भारी आहे, तर तिचे नाव तिकिटावर का नाही? तिचे नाव चॅनेल हेन्स. चार, तो उंच बासवाला बिचारा इतका मागे का उभा असतो?

चौथ्या प्रश्नाने लेखकाच्या वर्मावर बोट ठेवले. डॅरिल जोन्स १९९४ पासून स्टोन्सबरोबर प्रत्येक दौऱ्यात बास वाजवतो आहे, पण बँडचा औपचारिक सभासद तो अद्याप झालेला नाही. तीस वर्षे हंगामी. आपल्याकडे एवढ्या अवधीत माणूस मोर्चा काढतो, कायम होतो, फरकाची रक्कम घेतो आणि निवृत्तही होतो. बँकेच्या कर्मचारी संघटनेत उमेदीची वर्षे घालवलेल्या लेखकाने त्या क्षणापासून जॅगरकडे कामगार चळवळीच्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली आणि पुढची दोन गाणी त्याला नीट लागली नाहीत.

पाहणे आणि ओळखणे यांतला फरक दाखवणारी एक घटना याच बँडच्या नावावर जमा आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी जॅगर ‘थर्स्टी बीव्हर’ नावाच्या एका छोट्या दारूच्या गुत्त्याबाहेर बीअरची बाटली घेऊन उभा राहिला आणि त्याने तो फोटो स्वतः जगजाहीर केला. फोटोत मागे गिऱ्हाइके निवांत गप्पा मारत बसलेली आहेत. एकाचीही मान वळलेली नाही. त्यांतल्या कोणाकोणाकडे दुसऱ्या दिवशीची तिकिटे असतील कोण जाणे. जॅगर काडीएवढा दिसला की चाहता त्याला लांबून ओळखतो. चार हातांवर आला की एक म्हातारा कोपऱ्यात उभा आहे एवढेच त्याला दिसते. फोटो प्रसिद्ध झाल्यावर आपण पाठमोरे असल्याबद्दल त्या गिऱ्हाइकांना काय वाटले असेल याची कल्पना प्रत्येक चाहता करतो, आणि आपण असतो तर नक्की ओळखले असते असे त्याला वाटते. प्रस्तुत लेखक न्यू जर्सीच्या त्या स्टेडियमबाहेर स्वतःच्या जावयाला ओळखू न शकल्याने वीस मिनिटे हरवला होता.

कार्यक्रम संपल्यावर अभिप्रायांचे पर्व सुरू होते, ते परतीच्या गाडीतच. सीकॉकसला गाडी बदलेपर्यंत फलाटावर मतांची पुढील उतरंड दिसून आली. तिशीतला तरुण म्हणाला, “अप्रतिम!” पन्नाशीतला म्हणाला, “चांगले झाले, पण चार्ली वॉट्स गेल्यापासून ती मजा नाही.” साठीचा म्हणाला, बिल वायमन ९३ साली बाहेर पडला तिथेच बास संपला. सत्तरीच्या गृहस्थांच्या मते मिक टेलर १९७४ मध्ये बँड सोडून गेला त्यानंतर ऐकण्यासारखे काही राहिले नव्हते. एक काठी टेकणारे आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “ब्रायन जोन्सबरोबर सगळे आटोपले.” ब्रायन जोन्स १९६९ मध्ये वारला. म्हणजे गेली पंचावन्न वर्षे हे आजोबा संपलेल्या बँडच्या कार्यक्रमांना न चुकता जात होते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात वडापावच्या स्टॉलजवळ दर हिवाळ्यात हेच आजोबा स्वेटर-मफलरमध्ये भेटतात. तिथे ते भीमसेनजींच्या ऐन उमेदीतल्या एखाद्या वर्षाचे नाव घेतात.

सर्वांचे एकमत फक्त एका वाक्यावर झाले: “या वयात एवढी ताकद!” हे वाक्य उच्चारताना प्रत्येकाचा एक हात स्वतःच्या कमरेवर होता.

घरी पोहोचल्यावर मुलीने विचारले, “बाबा, कसा झाला?”

“एक नंबर.”

“आणि आई, तुला?”

“छान. पण यांना झोप लागली होती.”

हा आरोप अंशतः खरा आहे. कीथच्या दुसऱ्या गाण्याला, रांगेतून परत येऊन टेकल्यावर, चाहत्याचा डोळा लागला होता. त्याने स्वतःच्या बचावार्थ ‘सॅटिस्फॅक्शन’च्या जन्माची कथा सांगितली, जी कीथ रिचर्ड्सने स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९६५ मध्ये त्याने रात्री अर्धवट झोपेत ती प्रसिद्ध सुरावट गिटारवर वाजवली आणि उशाशी असलेल्या टेपरेकॉर्डरवर नोंदवली. सकाळी टेप ऐकली तेव्हा तिच्यात थोडीशी सुरावट होती आणि त्यानंतर बराच वेळ घोरणे. झोपेत सुचलेले संगीत झोपेत ऐकणे हा खरा आदर, असा लेखकाचा युक्तिवाद होता. तो कोणी मान्य केला नाही.

लेखकाच्या फोनमध्ये त्या रात्रीच्या एकंदर बत्तीस चित्रफिती आहेत. अकरांमध्ये समोरच्या सत्तरीच्या माणसाचे टक्कल आहे. नऊ थरथरतात. सातांमध्ये जॅगरच्या आवाजावर लेखकाचा आवाज चढलेला असून दोघे वेगवेगळ्या पट्टीत आहेत. चार जिन्यातल्या आहेत. शेवटची चित्रफीत चुकून बटण दाबले जाऊन फोन खिशात असताना घेतली गेली. तिच्यात सहा मिनिटे संपूर्ण काळोख आहे; लांबून ‘सॅटिस्फॅक्शन’ वाजते आहे आणि मध्येच जवळून पत्नीचा आवाज येतो, “अहो, गोळी घेतलीत का?” त्यावर लेखक “हो” म्हणतो, जे खोटे आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर हीच एक चित्रफीत सर्वांनी शेवटपर्यंत ऐकली, आणि बँडचा आवाज सगळ्यांत स्वच्छ आला आहे तोही तिच्यातच.